पोलिओच्या लशीचे कवच किती वर्षांचे?

‘लहानपणी पोलिओचे डोस पुरे झाले, म्हणजे जन्माची काळजी मिटली ना?’ आईबापांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. मी मराठीचा प्राध्यापक, डॉक्टर नव्हे; पण एवढे माझ्या ध्यानात आले आहे, की येथे ‘रक्षण’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना लावतो. त्या वेगळ्या केल्या, की उत्तर सोपे होते.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो आणि क्वचित रक्तावाटे मज्जारज्जूपर्यंत पोचून हातपाय लुळे करतो. लशीमुळे रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, ती त्याला वाटेतच अडवतात. डोस पुरे झाले असतील, तर पांगळेपणापासून हे रक्षण पुष्कळ वर्षे, बहुधा जन्मभर टिकते.

आतड्याची गोष्ट मात्र वेगळी! डॉ. साल्क यांची १९५५ साली आलेली टोचायची लस रक्ताची राखण चोख करते, आतड्याची फारशी करीत नाही. डॉ. सेबिन यांचे तोंडावाटे द्यायचे थेंब आतड्याची राखण करतात. पण तीही काही वर्षांत ओसरते. म्हणजे लस घेतलेला माणूस स्वतः ठणठणीत राहतो, आणि तरीही नकळत विषाणू दुसऱ्याच्या घरी पोचवू शकतो.

इस्राएलमध्ये हेच दिसले. २००५ पासून तेथे मुलांना केवळ टोचायची लस मिळत होती. २०१३ साली दक्षिणेकडील गावांच्या सांडपाण्यात विषाणू सापडला. तो महिनोन्‌महिने फिरत होता. तरी एकही मूल लुळे पडले नाही! सरकारने मग लस घेतलेल्या मुलांनाही थेंब पाजले, ते शेजारच्या लस न घेतलेल्या तान्ह्यासाठी.

आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी डोस पुरे झालेल्या बाळालाही थेंब का पाजत आले, त्याचे इंगित हेच. नैसर्गिक विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. पण पाकिस्तान व अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे. तिकडे जाणाऱ्या मोठ्या माणसांनीही डॉक्टरांना विचारून एक जादा डोस घ्यावा.

तेव्हा आपल्या बाळाचे डोस झाले असले, तरी लसीकरणाच्या दिवशी त्याला केंद्रावर अवश्य न्यावे. त्या दोन थेंबांत शेजारच्या बाळाचाही वाटा असतो.