घर पाहावे सांधून

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याने घर बांधले असेल. बांधलेले घर दुरुस्त मात्र केले नसावे. बांधताना निदान पाटी कोरी असते. दुरुस्तीत आजोबांच्या चुका, वडिलांनी त्यांवर घातलेली पांघरुणे आणि घुशींनी त्यात घातलेली भर, या सगळ्यांचा हिशेब एकदम पुढे येतो. त्यातून ती दुरुस्ती नवराबायकोने आपल्याच हातांनी करायची म्हटली की घराबरोबर संसाराचीही परीक्षा होते. अशी एक परीक्षा मी लहानपणी अगदी जवळून पाहिली. परीक्षेला बसले होते माझे आईवडील.

आमचे घर औसा तालुक्यातले. दगडी भिंतींचे आणि माळवदाचे. शहरातल्या ज्या वाचकांनी माळवद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचाण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फूट जाडीचा थर, असे हे छत असते. उन्हाळ्यात खाली गारवा, वर पापड-कुरडया वाळवायला आणि रात्री निजायला हक्काची जागा. भिंती तर दोन-अडीच फूट रुंद. त्यांच्या कोनाड्यात देव बसत, दिवा बसे आणि लपंडाव खेळताना आम्हीही बसत असू. असे भक्कम घर त्रिभुवनात नसेल अशी आमची खात्री होती.

ती खात्री 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव नुकते कुठे निजले होते. चाराला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून काही कोस लांब, म्हणून आम्ही वाचलो. तिकडे लातूर आणि उस्मानाबाद (त्याला आता धाराशिव म्हणतात) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक जण आपापल्या घरात, आपल्याच भिंतींखाली गेले. आमच्या घराची एक भिंत पोट काढून उभी राहिली आणि स्वयंपाकघराचा कोपरा उसवला, एवढ्यावर निभावले. पण आईने त्या दिवसापासून घरात पाठ टेकली नाही. अंगणात पत्र्याचे खोपट घातले आणि पुढची दोन वर्षे आमचा संसार तिथे झाला. पावसात पत्रा वाजू लागला की ती उठून बसे आणि अंधारात आम्हां भावंडांची डोकी मोजी.

जी गावे पार जमीनदोस्त झाली ती सरकारने नव्या जागी वसवली. अशी 52 गावे होती. आमच्यासारख्या, तडे गेलेल्या पण उभ्या राहिलेल्या घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची वेगळी योजना निघाली. पैसे सरकारने द्यायचे, तेही काम पाहून हप्त्याहप्त्याने. आणि काम घरमालकाने करवून घ्यायचे. गवंडी मिळाला तर ठीक. पण साऱ्या मुलखाचे बांधकाम एकाच वेळी निघाल्यावर गवंडी कुठून मिळणार! आमच्या गावचे मिस्त्री म्हणजे त्या वर्षीचे नवरदेव झाले होते. जो तो त्यांना आपल्या दारी नेऊ पाही.

मिस्त्री मिळण्याआधीच आमच्या घरात मतभेद उभा राहिला होता. वडील, म्हणजे आमचे दादा, प्राथमिक शिक्षक. वाडवडिलांचे घर जपायचे, हा त्यांचा हट्ट. आईचे म्हणणे एकच.

“पाडा ते. ते दगड मला डोळ्यांपुढं नकोत.”

“अगं, दगडानं काय केलंय?”

“काय केलंय ते किल्लारीला जाऊन विचारा.”

यावर दादांना उत्तर नसे. आई काही एकटी असे म्हणत नव्हती. सगळ्या भागाचाच दगडावरचा विश्वास उडाला होता. कित्येकांनी अनुदानातून विटा-सिमेंटची एक लहानशी खोली उठवली आणि दगडी घराकडे पाठ फिरवली.

कोंडी फुटली ती बायकांमुळे. त्या काळात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रिया नेमल्या होत्या. योजनेत काय आहे, पैसा कसा मिळतो, भिंत कशी बळकट होते, हे घरोघर समजावून सांगायचे त्यांचे काम. आमच्या गावातल्या अशाच एक बाई एके दिवशी आईला शेजारच्या गावी एक उकललेली भिंत दाखवायला घेऊन गेल्या. आई गेली ती ‘बघून तर येऊ’ म्हणून. परतली ती पायही न धुता थेट आमच्या फुगलेल्या भिंतीपाशी गेली आणि दादांना हाक मारून म्हणाली, “अहो, ही भिंत एक नाही. या दोन आहेत.”

खरोखरच त्या दोन होत्या. आपल्याला बाहेरून जी रुंद भिंत दिसते तिचे बाहेरचे दगड वेगळे आणि आतले वेगळे. मधल्या पोकळीत माती आणि दगडांच्या चिपा भरलेल्या. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जाणारा लांब आरपार दगड आमच्या भिंतीत शोधून सापडेना. जमीन हलली की मधली माती खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही अंगांना बाहेर ढकलते आणि भिंत पोट काढून कोसळते. “पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या भावांचं घर हे,” आई म्हणाली, “वरून एक दिसतंय, आत नुसती माती.” मग जरा थांबून, “म्हणजे दगडाचा गुन्हा नव्हता.”

दीड वर्षाचा वाद त्या वाक्याने संपला. आईने घर ठेवायला संमती दिली. पण अट घातली की कामात ती स्वतः असेल. ज्या भिंतीखाली मुले निजवायची ती आत काय आहे हे पाहिल्याशिवाय पुन्हा बंद करू देणार नाही, असे तिने सांगितले. मिस्त्रींनी आठवड्यातून एक दिवस येऊन शिकवायचे, इंजिनियरने येऊन तपासायचे आणि बाकीचे दिवस या दोघांनी राबायचे असे ठरले. मे महिन्याची सुट्टी दादांनी त्यासाठी वाहिली.

पहिले काम माळवद हलके करण्याचे. दादांनी आमच्या पाटीवर गणित मांडले. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली. वर दीड फूट माती. म्हणजे दीडशे घनफूट. तिचे वजन सहा टनांहून अधिक! आम्ही इतकी वर्षे डोक्यावर भरलेला ट्रक घेऊन जेवत होतो. घमेल्या-घमेल्यांनी ती माती उतरली. वर वीतभर थर ठेवला आणि पाणी मुरू नये म्हणून त्याखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरला. खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या काटकोनांत तिरकी लाकडे ठोकली, म्हणजे चौकट हलली तरी कलंडू नये.

दुसरे काम भिंतीचे. फुगलेला भाग उतरवून पुन्हा रचायचा होता. उरलेल्या भिंतीला टाके घालायचे होते. दर चौरस मीटरला एक, असे आरपार भोक पाडायचे. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई घालायची आणि ते काँक्रीटने भरायचे, म्हणजे जो आरपार दगड घालायचा राहिला तो आता घातल्यासारखे होते. मात्र घण मारायचा नाही. घणाने सगळी भिंत खिळखिळी होते. दगड हलवून, फिरवून, हाताने अलगद काढायचा. इथे दादांचा हात जड पडे. आईला मात्र खोल बरणीच्या तळाचे लोणचे काढायची सवय! ती आतून पोखरी, दादा बाहेरून. पहिले भोक पाडायला त्यांना अख्खी सकाळ लागली. शेवटी मधली माती सुटली, पलीकडचा उजेड दिसला आणि भिंतीच्या पोटात एकाच्या बोटांना दुसऱ्याची बोटे लागली. दादा बाहेरून ओरडले, “सापडलीस!” आई इतकी हसली की आम्ही मुले धावत आलो. भूकंपानंतर तिला तसे हसताना मी प्रथमच पाहत होते.

सगळे असेच गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. काँक्रीटला प्रमाण एक-दोन-चार: एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पाणी किती, यावर रोज भांडण. कालवायला सोपे जावे म्हणून दादा सढळ हाताने पाणी ओतीत. “आमटी नाही करायची,” आई म्हणे, आणि तिचेच बरोबर होते. पाणी जास्त झाले की काँक्रीट कच्चे राहते. पण तेच काँक्रीट घातल्यावर आई त्यावर पाणी मारू देईना, ‘वाळू द्या की’ म्हणे. तिथे दादांचे बरोबर निघाले. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाणी पिऊन घट्ट होते. दहा दिवस गोणपाट ओले ठेवायचे काम आम्हां भावंडांकडे आले आणि त्यावरून आमचीही भांडणे झाली.

उसवलेला कोपरा दादांनी एकट्याने रचला. संध्याकाळी आईने ओळंबा सोडला. खाली बोटभर फरक! दादा म्हणाले, ओळंब्याची दोरी पिळलेली आहे. आई काही बोलली नाही. रात्रभर दादाही काही बोलले नाहीत. सकाळी उठून पाहतो तो त्यांनी तीन थर उतरवून ठेवलेले. आईने न सांगता दगड हाती द्यायला सुरुवात केली. शिक्षकाने स्वतःचे उत्तर स्वतः खोडावे, हे मी त्या दिवशी पाहिले. वर्गात शिकवताना अजून उपयोगी पडते.

चारी भिंतींना वरून बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा मात्र मिस्त्रींनी घातला, इंजिनियरच्या देखत. तिथे हौस नको, हे दोघांनाही पटले होते. कडब्याच्या पेंढीला बंध पडला की काडीकाडी एक होते, तसे त्या पट्ट्याने घर एक झाले.

काम संपले तरी आई काही आत निजायला येईना. पावसाळा सरला. दिवाळी आली. लक्ष्मीपूजन झाले, पणत्या विझत आल्या. आम्ही खोपटात अंथरुणे शोधू लागलो तर ती नव्हतीच. आईने ती घरात, त्याच भिंतीलगत घातली होती. ती आडवी झाली, भिंतीवर हात फिरवून एक टाका चाचपला आणि माझ्या आधी झोपी गेली.

या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली. घर उभे आहे. परवा आम्ही आमच्या शहरातल्या फ्लॅटची दुरुस्ती काढली. पाटा-टाईल्स बसवणे, गिलाव्याचे खपले भरणे, रंग देणे असे जमेल ते आम्ही दोघांनीच करावे, असा यांचा उत्साह. त्या भरात स्वयंपाकघराची मधली भिंत काढून टाकू असेही ठरले. मी मोठ्या कौतुकाने आईला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या भिंतीवर काय उभं आहे ते बघितलंस का?”

आम्ही बघितले नव्हते. इंजिनियरला बोलावले तेव्हा कळले की त्या भिंतीतच एक खांब दडलेला आहे. आमच्या वरच्या चार घरांचा भार त्याच्यावर. भिंत अर्थातच राहिली. टाईल्स आम्ही बसवल्या. त्यांतली एक जरा वाकडी आहे. ओळंबा मी सोडला होता, आणि दोरी पिळलेली आहे असे यांचे अजूनही म्हणणे आहे.