सॉकेट जुळलं, तरी डिस्प्ले का येत नाही?

डेस्कटॉप स्वतः असेंबल करणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट रुजली आहे: सॉकेट जुळलं की प्रोसेसर चालणारच. त्यामुळे प्रोसेसर नीट बसला, पंखे फिरले, दिवे लागले आणि तरी डिस्प्ले आला नाही, की पहिला आळ प्रोसेसरवर येतो. नवा कोरा, चांगला प्रोसेसर ‘डेड’ ठरवून परत करायची तयारी सुरू होते. यात पैसा आणि वेळ तर जातोच, शिवाय खरं कारण तसंच राहतं. सॉकेटवरून प्रोसेसर कुठे आणि कसा टेकेल एवढंच कळतं. त्या टेकलेल्या पिनांमधून वीज कशी जायची हे बोर्डाच्या रचनेवर ठरतं, आणि समोरचा प्रोसेसर कोणता आहे हे ओळखून त्याला सुरू करणं हे बायोसचं काम असतं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंटेलच्या एलजीए 1151चं आहे. 2015 साली सहाव्या पिढीबरोबर हे सॉकेट आलं. 2017च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली, तेव्हाही सॉकेट तेच, पिनांची संख्या तीच. पण 100 आणि 200 मालिकांच्या चिपसेटवर ही पिढी चालत नाही, तिला 300 मालिकेचा बोर्ड लागतो. सहा कोअरच्या प्रोसेसरला वीज जास्त लागते, म्हणून आधी राखीव ठेवलेल्या काही पिना वीजपुरवठ्यासाठी वापरल्या गेल्या. यावर कोणी म्हणेल, हा नवे बोर्ड खपवण्याचा डाव होता. हौशी लोकांनी जुन्या बोर्डांवर हेच प्रोसेसर चालवून दाखवले आहेत. ते खरं आहे, आणि या आक्षेपात मला तथ्य वाटतं. पण ते जुने बोर्ड चालले ते त्यांचं बायोस बदलल्यानंतर. म्हणजे अडथळा तांत्रिक असो वा व्यापारी, तो सॉकेटमध्ये नव्हता. पुढे एलजीए 1200वरही हाच अनुभव आला: दहाव्या पिढीसाठी आलेल्या एच410 आणि बी460 या चिपसेटवर अकराव्या पिढीला पाठिंबा मिळाला नाही.

एएमडीच्या एएम4चा दाखला याच्या उलट दिला जातो. 2017च्या पहिल्या रायझनपासून 5000 मालिकेपर्यंत एकच सॉकेट टिकलं, मग काळजी कशाची? पण ते टिकलं बायोसच्या बळावर. अनेक बोर्डांवर बायोसची चिप फक्त 16 एमबीची होती. इतक्या पिढ्यांचा कोड तिच्यात मावेना, म्हणून काही बोर्डांच्या नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा पाठिंबा काढावा लागला. बी350सारख्या पहिल्या बोर्डांना 5000 मालिकेचा अधिकृत पाठिंबा मिळायला 2022 उजाडलं. म्हणूनच ‘बायोस जितकं नवं तितकं चांगलं’ हेही सरसकट खरं नाही. तुमच्या प्रोसेसरसाठी किमान कोणती आवृत्ती लागते, हे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या सीपीयू सपोर्ट यादीत दिलेलं असतं. बोर्डाचं नाव आणि त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांक, दोन्ही जुळवून ती यादी पाहावी.

एलजीए 1700वरही ही अडचण येते: 600 मालिकेचा बोर्ड बाराव्या पिढीबरोबर आला, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डावर तेरावी-चौदावी पिढी बायोस अपडेट केल्याशिवाय सुरू होईलच असं नाही. अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होईल, ही भीती रास्त आहे, म्हणून यूपीएस असावा. पण बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची सोय असेल तर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून अपडेट करता येतं, आणि मध्येच बिघडलं तर पुन्हाही करता येतं. बोर्ड घेताना मी या एका बटणासाठी थोडे जास्त पैसे मोजायला सांगेन.

यादी जुळली, बायोसही योग्य आहे, तरी पडदा काळाच असेल, तर प्रोसेसरला हात लावण्याआधी साध्या गोष्टी तपासाव्यात. एसएमपीएसमधून येणारी सीपीयूची आठ पिनांची वायर लावायची राहून गेली, तर पंखे फिरतात पण प्रोसेसर सुरू होत नाही. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यांत ग्राफिक्स नसतं; तिथे एचडीएमआयची वायर बोर्डाला लावली तर चित्र कधीच येणार नाही, वेगळं ग्राफिक्स कार्डच हवं. रायझन 5 5600चंही तसंच. एएम5वर डीडीआर5 रॅम पहिल्यांदा जुळवून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. घाईने पॉवर बटण दाबणारा माणूस ती प्रक्रिया दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो. बोर्डावर सीपीयू, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे छोटे दिवे असतील, तर कोणता अडून राहतो ते पाहावं. आणि एलजीए बोर्डावरून प्रोसेसर काढावाच लागला, तर परत बसवण्यापूर्वी सॉकेटमधल्या पिना उजेडात तिरप्या कोनातून पाहाव्यात, कारण त्यांतली एक जरी वाकलेली निघाली तरी दोष प्रोसेसरचा नसून बोर्डाचा असू शकतो.