निकाल नव्व्याण्णव टक्के. मग मागे राहिलेल्यांचे काय?

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता कोणालाच आश्चर्याची वाटत नाही. रत्नागिरी येथे मुख्यालय असलेल्या कोकण विभागीय मंडळाचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के लागला; २०२५ मध्ये तो ९८.८२ टक्के होता. त्या वर्षी राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांनी या यशाचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. आठवीत किंवा नववीत ज्याने शाळेचा रस्ता सोडला, तो या हिशेबात कोठेच येत नाही. दृष्टी अधू असलेला, कमी ऐकू येणारा, अक्षरांशी झगडणारा किंवा बुद्धीची गती मंद असलेला विद्यार्थी या गळतीत सापडण्याची भीती अधिक असते. अशा विद्यार्थ्यांना माध्यमिक शाळेत कोणता आधार मिळायला हवा, कायदा काय सांगतो आणि प्रत्यक्षात अडचण कोठे येते, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

विशेष शाळेकडून शेजारच्या शाळेकडे

अपंग मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईतील जय वकील संस्था १९४४ पासून, तर पुण्यातील कामायनी १९६४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातही हे काम उभे राहिले. रत्नागिरी शहरातील अभ्यंकर मूकबधिर विद्यालय, बौद्धिक अक्षम मुलांसाठीचे सविता कामत विद्यामंदिर आणि मंडणगड तालुक्यातील घराडी येथील स्नेहज्योती अंध विद्यालय ही त्यातील परिचित नावे. ज्या काळात सर्वसाधारण शाळांची दारे या मुलांना बंद होती, त्या काळात अशाच संस्थांनी त्यांना अक्षरओळख आणि आत्मविश्वास दिला, हे विसरून चालणार नाही.

परंतु मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या नऊ तालुक्यांतील प्रत्येक मुलाला विशेष शाळेत आणणे शक्य नाही, आणि सर्वांसाठी ते योग्यही नाही. सर्वसाधारण शाळेतच अशा मुलांची सोय करावी, हा विचार केंद्र शासनाने १९७४ मध्ये एकात्म शिक्षण योजनेच्या रूपाने प्रथम मांडला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २००९-१० मध्ये स्वतंत्र केंद्रीय योजना आली. पुढे ती राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात आणि २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली.

यातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्याने ते २१ केले. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला त्यामुळे प्रथमच राष्ट्रीय पातळीवर कायद्याची स्पष्ट मान्यता मिळाली. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क या कायद्याने दिला. निवड मुलाची आणि पालकांची आहे. 'आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत न्या' असे सांगून हात झटकण्याची मोकळीक शाळेला राहिलेली नाही.

न दिसणारे अपंगत्व

कुबडी दिसते, श्रवणयंत्र दिसते. अध्ययन अक्षमता दिसत नाही. मूल बोलण्यात चुणचुणीत असते, गोष्ट ऐकली की तपशिलासह सांगते, दुकानातील हिशेब तोंडी करते. पण वही उघडली की अडखळते. डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. मराठी वाचणाऱ्या मुलात ही अक्षमता कशी दिसते, याची माहिती मात्र अजूनही थोड्यांनाच आहे.

देवनागरी लिपी बऱ्याच अंशी उच्चारानुसारी आहे. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मूल मराठी वाचायला उशिरा का होईना, शिकते. ते एकेक अक्षर लावत, संथपणे वाचते. वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. लिहिताना कानामात्रा गळतात, वेलांटीची दिशा चुकते, जोडाक्षरे सुटी होतात, अनुस्वार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते. पहिली-दुसरीत अशा चुका सर्वच मुले करतात. पाचवी-सहावीनंतरही त्या टिकून राहिल्या आणि तोंडी उत्तर व लेखी उत्तर यांत मोठी तफावत दिसू लागली, की शिक्षकाने सावध व्हायला हवे. काही मुलांची अडचण वाचनात नसून केवळ लेखनात असते, तर काहींची फक्त गणितात.

माध्यमिक शाळेत या अडचणीला अनेकदा इंग्रजीची जोड मिळते. ज्या शाळांत सेमी-इंग्रजीचा वर्ग आहे, तेथे गणित आणि विज्ञान ही पुस्तके इंग्रजीत येतात. इंग्रजीचे स्पेलिंग आणि उच्चार यांचे नाते मराठीइतके सरळ नाही. प्राथमिक शाळेत कसाबसा तग धरलेला विद्यार्थी येथे कोलमडतो. मग 'लक्ष देत नाही', 'आळशी आहे', 'घरी अभ्यास घेत नाहीत' असे शेरे सुरू होतात. पालकांचा मार, वर्गातील हसू आणि स्वतःविषयीचा न्यूनगंड यांनी मूळ अडचण झाकली जाते. पुढे हे मूल उद्धट तरी होते किंवा गप्प तरी बसते. दोन्ही स्थितींत त्याच्यातील अक्षमता ओळखणे अधिकच अवघड होते.

ही अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यानुसार शिकविण्याची पद्धत बदलणे, हे २०१६ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरविले आहे. महाराष्ट्राने मात्र त्याच्या वीस वर्षे आधी, १९९६ मध्येच, अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली होती. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. या चळवळीचा लाभ प्रथम मुंबई-पुण्याच्या मुलांना झाला, कारण तपासणी करणारी मोठी रुग्णालये आणि तज्ज्ञ तेथेच होते.

सातवी ते आठवी: निसटणारा दुवा

कोकणातील शाळांची रचना येथे लक्षात घ्यावी लागते. वाडीवाडीवरील जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथी किंवा सातवीपर्यंत असते. पुढे मूल जाते ते परिसरातील एखाद्या शिक्षणसंस्थेच्या अनुदानित हायस्कुलात. व्यवस्थापन बदलते, शिक्षक बदलतात. प्राथमिक शाळेत एकच गुरुजी किंवा बाई मुलाला वर्षानुवर्षे ओळखत असतात; हायस्कुलात दर तासाला नवे शिक्षक येतात आणि प्रत्येकाला वर्गातील पन्नास चेहऱ्यांपैकी एक म्हणूनच तो दिसतो. सातवीपर्यंत गटसाधन केंद्रातील विशेष तज्ज्ञाने या मुलासाठी काही केले असले, तरी त्याची नोंद दाखल्याबरोबर पुढच्या शाळेत जाईलच असे नाही.

वयाचा प्रश्नही याच टप्प्यावर येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण सर्वसाधारणपणे चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत असते. अपंग मुलासाठी ते अठरा वर्षांपर्यंत आहे, हे पालकांना ठाऊक नसते आणि कित्येकदा शाळेलाही नसते. त्यामुळे नववीत नापास झालेल्या मुलाचे शिक्षण तेथेच थांबते. वडील मुंबईत चाकरीला आणि मुले आजी-आईपाशी, अशी अनेक कुटुंबे या जिल्ह्यात आहेत. शाळेत वारंवार जाऊन पाठपुरावा करणे अशा घरांना सोपे नसते.

सवलत म्हणजे मेहेरबानी नव्हे

दहावी-बारावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलती शासनाने २०१८ च्या निर्णयाने विस्ताराने स्पष्ट केल्या आहेत. अपंगत्वाच्या प्रकारानुसार त्या बदलतात. तासाला वीस मिनिटे जादा वेळ, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, ही त्यातील मुख्य सवलत. ज्याला स्वतः लिहिता येत नाही, त्याला परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतील लेखनिक घेता येतो. भाषा विषयांत सूट, विषयांचे पर्याय, गणिताच्या अक्षमतेसाठी गणकयंत्राचा वापर अशा तरतुदीही आहेत.

या सवलतींविषयी 'फुकटचे गुण' अशी भाषा वर्गात, क्वचित शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. ती अज्ञानातून येते. चष्मा लावून परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याने गैरफायदा घेतला, असे कोणी म्हणत नाही. इतिहासाच्या पेपरात इतिहासाचे ज्ञान तपासायचे असते, हस्ताक्षराचा वेग नव्हे. ज्याला उत्तर येते पण ते कागदावर उतरवायला दुप्पट वेळ लागतो, त्याला तो वेळ देणे म्हणजे परीक्षा खऱ्या अर्थाने न्याय्य करणे होय.

अडचण असते ती प्रमाणपत्राची. अध्ययन अक्षमता ठरविण्यासाठी केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तिसरीपासून किंवा वयाच्या आठव्या वर्षापासून शाळेने प्राथमिक चाचपणी करावी, त्यानंतर बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी व्हावी आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी व्हावी, असे त्यांत म्हटले होते. कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात मंडणगडहून जिल्हा रुग्णालय गाठायचे, तर सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास आहे. एका फेरीत काम झाले नाही, तर पुन्हा रजा, पुन्हा एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे तज्ज्ञांची उपलब्धता वाढण्याची आशा आहे. मात्र तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी तपासणी शिबिरे झाल्याखेरीज दूरच्या वाड्यांचा प्रश्न सुटणार नाही.

दुसरा अडथळा मनातला आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. मानसशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे 'वेड लागणे' हा गैरसमज सर्वत्र आढळतो. शहराचे नावच त्या रुग्णालयाशी जोडले गेले असेल, तर तो अधिक घट्ट होतो. मुलीच्या बाबतीत तर 'उद्या लग्नाला अडेल' या भीतीने प्रमाणपत्र नाकारले जाते. डिस्लेक्सिया हा मनोविकार नाही, तसेच बुद्धीची उणीवही नाही, हे शिक्षकांनी पालकसभेत स्पष्टपणे सांगण्याची गरज आहे.

वर्गात काय करता येईल?

परीक्षेतील सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते. वर्गातील मदतीसाठी लागत नाही. हा फरक ध्यानात घेतला तर पुष्कळ काही आजच करता येते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसविणे आणि फळ्याकडे तोंड करून न बोलणे, अधू दृष्टीच्या मुलासाठी मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून देणे, अक्षरांशी झगडणाऱ्याला वर्गासमोर मोठ्याने वाचायला न लावणे, त्याची तोंडी परीक्षा घेणे, गृहपाठ कमी पण नेमका देणे, एका वर्गमित्राला त्याचा सोबती नेमणे, यांपैकी कशालाही अनुदान लागत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह यांना मात्र पैसा लागतो. कोकणच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेल्या शाळांत तर ही निकड मोठी आहे. तोपर्यंत निदान त्या विद्यार्थ्याचा वर्ग तळमजल्यावर आणणे मुख्याध्यापकांच्या हातात असते.

त्यापुढचे काम प्रशिक्षित विशेष शिक्षकाचे. मुलाला काय येते, काय येत नाही आणि येत्या तीन महिन्यांत काय साधायचे, याची वैयक्तिक योजना तो आखतो आणि विषयशिक्षकांना ती समजावून देतो. असे शिक्षक आजवर मुख्यतः कंत्राटी पद्धतीने काम करीत आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये यावर बोट ठेवले आणि कायमस्वरूपी पदे निर्माण करण्यास सांगितले. प्राथमिक स्तरावर दहा, तर माध्यमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण त्यानंतर निश्चित झाले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे एका केंद्राला एक शिक्षक. ज्या केंद्रातील शाळा डोंगर-खाड्यांनी विभागलेल्या आहेत, तेथे हा एक शिक्षक किती मुलांपर्यंत आणि किती वेळा पोहोचणार, हा प्रश्न उरतोच. अनुदानित हायस्कुलांना त्याचा लाभ नियमितपणे मिळतो की नाही, यावरही या निर्णयाचे यश ठरेल.

पालकांनीही काही गोष्टी वेळेवर करणे इष्ट. आठवीत प्रवेश घेतानाच मुलाच्या अडचणीची लेखी माहिती शाळेला द्यावी आणि तिची पोच घ्यावी. प्रमाणपत्राचे काम नववीतच पूर्ण करावे. दहावीच्या अर्जाच्या वेळी धावाधाव करू नये. लेखनिक घ्यायचा असेल तर सहामाही परीक्षेपासून त्याच्यासह सराव करावा, कारण दुसऱ्याला उत्तर सांगून लिहून घेणे हेही शिकावे लागते. नेहमीची शाळा अगदीच झेपत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे. शाळेला मूल नकोसे झाले म्हणून तो सुचविला जात नाही ना, एवढे मात्र तपासून घ्यावे.

निकालाच्या दिवशी शाळेच्या फलकावर शंभर टक्के निकालाची पाटी लागते. आठवीत दाखल झालेल्यांपैकी किती जण दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचले, हा आकडाही त्याच फलकावर लिहिला जाऊ लागला, तर कोकणच्या यशाला अधिक वजन येईल. ज्या शाळेत हे दोन्ही आकडे सारखे असतील, तिला खऱ्या अर्थाने पहिला क्रमांक द्यायला हवा.