सायकल हेल्मेटची वातविवर चाचणी
सायकल हेल्मेटची वातविवर चाचणी म्हणजे वातविवरात, अर्थात विंड टनेलमध्ये, ठरावीक वेगाच्या झोतात हेल्मेटमुळे होणारा हवेचा रोध व त्यातील वायुवीजन मोजण्याची पद्धत होय. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाल्यास रोध चौपट होतो.

चाचणीत सायकलस्वार किंवा मानवाकृती पुतळा सायकलीसह बलमापकावर बसवतात. डोके वर उचललेले, खाली झुकलेले आणि वारा तिरका अशा विविध स्थितींत मापने घेतात. वायुवीजनासाठी त्वचेच्या तापमानाइतके तापवलेले कृत्रिम डोके वापरतात. ते तापमान टिकवण्यास जितकी अधिक वीज लागते, तितके वायुवीजन चांगले समजले जाते. अधिक छिद्रांमुळे डोके थंड राहते, परंतु हवेचा रोध सहसा वाढतो.

१९८९ च्या तूर द फ्रान्सच्या अखेरच्या २४.५ किमी टप्प्यात ग्रेग लेमाँड यांनी निमुळते हेल्मेट वापरले. लोराँ फिन्यों यांनी हेल्मेट घातले नव्हते. लेमाँड यांनी ही शर्यत एकूण ८ सेकंदांनी जिंकली. मात्र त्यांच्या सायकलीचे हँडलही निराळे असल्याने याचे श्रेय केवळ हेल्मेटला देता येत नाही.

या चाचणीतून हेल्मेटची सुरक्षितता कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र आघात-चाचणी आवश्यक असते.