‘गॅस पास हुई क्या?’

भोपाळच्या सर्जरी वॉर्डात सकाळच्या राउंडला हा प्रश्न कानावर पडतोच. वारा सरला की आतडं जागं झालं, मगच चहा-पाणी सुरू, अशी जुनी रीत. माझ्या मावशीच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनी हेच धरलं होतं: कडक उपास आणि आठ दिवस अंथरूण. पण दुसऱ्याच सकाळी नर्सने तिला खुर्चीत बसवून पातळ पेज दिली. आजी ओरडली, “अगं, टाके तुटतील!”

टाके तुटत नाहीत. का, ते मी मग वाचून काढलं.

या ऑपरेशनमध्ये नुसती गाठ काढत नाहीत. दोन्ही बाजूंचं थोडं चांगलं आतडं, त्याच्या रक्तवाहिन्या आणि लसिकाग्रंथी एकत्र काढतात, कारण कॅन्सर त्याच वाटेने पसरतो. निदान 12 ग्रंथी तपासल्या की केमो लागेल का हे नीट ठरवता येतं. मग उरलेली टोकं जोडतात. दुर्बिणीतून केलं तरी आतलं काम तेच. छेद लहान, दुखणं कमी. गुदाशय मात्र ओटीपोटाच्या अरुंद हाडांत अडकलेला. इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलं की त्याच्याभोवतीचं चरबीचं आवरण न फाडता अखंड काढलं, तर कॅन्सर तिथेच उलटण्याचं प्रमाण खूप घटतं.

उपासाची रीत मोडली ती डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट यांनी, 1990च्या दशकात. त्यांच्या मते रुग्णाला अशक्त करण्यात आपल्या सवयींचाही वाटा असतो. म्हणून आता भूल देण्याच्या 6 तास आधीपर्यंत हलकं जेवण आणि 2 तास आधीपर्यंत साधं पाणी बहुतेकांना चालतं. नंतर नळ्या लवकर काढतात. मॉर्फिनसारखी औषधं आतडं सुस्त करतात, म्हणून ती बेताने देतात. चालण्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. चघळायला च्युइंगगमसुद्धा देतात! (आजीला हे अजून पटलेलं नाही.) खरी भीती आतला जोड गळण्याची. ताप आला, नाडी वाढली, पोट जास्त दुखू लागलं तर लगेच सांगायचं, “सहन करते” म्हणायचं नाही.

आमच्या घरात मात्र कॅन्सरपेक्षा जास्त कुजबुज झाली ती पिशवीची. जोड फार खाली असेल तर तो भरेपर्यंत आतड्याचं तोंड पोटावर काढून मळ पिशवीत वळवतात. बऱ्याचदा काही महिन्यांनी ते बंद करतात, काहींना कायम राहतं. मावशी त्या काळात मिस्सालाही गेली नाही, पिशवीचा आवाज होईल म्हणून. तिची जागा चुकीची होती, अगदी निऱ्या खोचते तिथेच. ही जागा ऑपरेशनच्या आधी रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून आखायची असते. साडी कुठे नेसता, ते त्या वेळी आपणच सांगायचं. खूण मार्कर पेनची असते, आंघोळीत पुसू द्यायची नाही.