‘जीभ वर करा, ताई’

मनोरुग्णालयातली सिस्टर करते काय, असं कुणी मला विचारलं की त्याच्या डोळ्यांसमोर इंजेक्शन घेऊन पेशंटमागे धावणारी बाई आहे हे चेहऱ्यावरूनच कळतं. सिनेमाची कृपा. खरं तर आमच्या दिवसाचा कणा म्हणजे औषधाची वेळ. ट्रॉली वॉर्डाच्या मधोमध आणायची, मावशींनी पाण्याचा जग घेऊन बाजूला उभं राहायचं, आणि सिस्टरने एकेक नाव पुकारायचं. गोळी हातावर, वर पाणी, आणि मग ते वाक्य: ‘आ करा. जीभ वर करा.’ गोळी जिभेखाली असते, गालात असते, पडलेल्या दाढेच्या खड्ड्यात असते. ती शोधावी लागते, कारण कुणी ती मोरीत थुंकतं, तर कुणी साठवत जातं. साठवणाऱ्याची भीती जास्त. त्या गोळ्या एकदम गिळण्यासाठी जमवलेल्या असतात.

मी सरकारी मनोरुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका होऊन निवृत्त झाले. या काळात हे वाक्य किती वेळा म्हटलं असेन, हिशेब नाही. एका निवृत्त शिक्षिकेने ते माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, ‘जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या सिस्टर, आता तुम्ही माझं तोंड तपासा.’ तोंड मी तपासलंच, तो भाग सुटत नाही. पण ज्या कामाला मी सुरक्षितता म्हणत होते त्याला त्या झडती म्हणत होत्या, आणि दोघींचंही बरोबर होतं. मनोरुग्णांच्या सेवेबद्दल जे काही सांगायचं ते मी याच जागेवरून सांगते. एकच गोष्ट सिस्टरच्या वहीत एक असते आणि पेशंटच्या आठवणीत दुसरी.

गोळी का लपवली, हे विचारायला वेळ लागतो, आणि वेळच नसतो. तरी विचारलं तर उत्तरं मिळतात, आणि ती वेडेपणाची नसतात. अंग लाकडासारखं कडक होतं. तोंडातून लाळ गळते, चारचौघांत जेवता येत नाही. सहा महिन्यांत लग्नातले कपडे अंगात शिरेनात. एक विशीतली मुलगी आठवते, लग्न झालेलं नव्हतं. तिला रिस्पेरिडोन चालू होतं. ती आंघोळीला जायला तयार नव्हती, झंपर बदलू देत नव्हती, आणि वहीत ‘स्वच्छतेकडे दुर्लक्ष’ अशी नोंद होत होती. एका दुपारी ती माझ्या कानाशी येऊन पुटपुटली की छातीतून दूध येतंय, पाळीही आलेली नाही, आणि देवाशपथ माझं काही चुकलेलं नाही. या औषधाने शरीरातलं प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. मग पाळी थांबू शकते, दूध येऊ शकतं. डॉक्टरांनी औषध बदललं, त्रास गेला. पण ती पोर किती तरी दिवस मनातल्या मनात आईला तोंड कसं दाखवू याचा विचार करत होती. हे पुरुष डॉक्टरांना राऊंडवर, दहा माणसांसमोर, ती कधीच बोलली नसती.

दुसरा एक त्रास आम्हा सिस्टर लोकांनी ओळखायला शिकलाच पाहिजे, आणि घरच्यांनीही. पेशंट वॉर्डात येरझारा घालतो, बसला की उठतो, उभा राहिला की पाय बदलतो. बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला, डोस वाढवा. कधी कधी तो आजार नसतोच. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने आलेली अस्वस्थता असते, आणि डोस वाढवला तर ती आणखी वाढते. मी सरळ विचारायची, ‘काका, डोकं पळवतंय की पाय?’ ‘पाय हो पाय, बसूच देत नाहीत,’ असं उत्तर आलं की डॉक्टरांना फोन. तसंच मान वाकडी होण्याचं. नवं औषध सुरू झालेल्या तरुण पोराची मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर लागतात, जीभ बाहेर येते. भेटीला आलेली आई हात जोडून खाली बसते, तिला वाटतं अंगात आलं. एक फेनरगनचं इंजेक्शन, आणि अर्ध्या तासात पोरगं चहा मागतं.

लिथियम हे औषध घेणारा एक वारकरी दरवर्षी ओपीडीत यायचा तो एकच प्रश्न घेऊन, वारीला जाऊ का? जा म्हणायचो. मात्र पाणी भरपूर पी, मीठ तोडू नकोस, निर्जळी उपवास नको, आणि पाय दुखले तर कुणीही दिलेली वेदनाशामक गोळी घेऊ नकोस. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साचतं, त्या गोळ्यांनीही साचतं. मग हात थरथरतात, उलट्या होतात, चाल लटपटते. परतल्यावर रक्त तपासायचं. माउलींची कृपा आणि रक्ताचा रिपोर्ट, दोन्ही त्याला मान्य होतं.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न मात्र औषधाचा नसतो. ‘बांधून ठेवता का हो?’ आणि यातले काही जण पेशंटला आमच्याकडे आणण्याआधी दोन वर्षं देवऋषी, दर्गा, अमावस्या असं सगळं करून, घरी दोरीने बांधूनच आलेले असतात. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याच्या परिसरातल्या एका आश्रमाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जागचे हलू शकले नाहीत, जळून मेले. साखळीला आता कायद्याने पूर्ण बंदी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ९७व्या कलमात पेशंटला आवरून धरण्याबद्दल जे लिहिलंय ते मी आमच्या नव्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवायची. स्वतःला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार असेल आणि दुसरा इलाजच नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ. शिक्षा म्हणून कधीही नाही. आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्याने कधीतरी नाईट ड्युटी बघितली असणार! कारण साठ खाटा, एक सिस्टर आणि एक मावशी असं गणित असलं की कापडी पट्टा फार हाताशी वाटतो. कायदा म्हणतो ही सबब चालणार नाही. बरोबरच आहे. रिकाम्या जागा भरणारा विभाग हे कलम वाचतो का, एवढंच विचारायचं राहतं.

पट्टा वापरावा लागलाच तर सिस्टरने काय बघायचं ते ठरलेलं असतं: बोटांचा रंग, नाडी, पट्ट्याखाली बोट जातं का, पाणी, लघवी. हे सगळं वेळ टाकून लिहायचं. एकदा बऱ्या झालेल्या एका रिक्षावाल्याला मी विचारलं, त्या रात्रीचं काय आठवतं? तो म्हणाला, ‘नाकावर माशी बसली होती. हलवता येईना. तुम्ही आलात, पट्टा बघितलात, बोटं बघितलीत आणि गेलात.’ वहीत त्या रात्रीच्या सगळ्या नोंदी चोख आहेत.

म्हणून खरं कसब ती वेळ येऊ न देण्यात. चढलेल्या माणसाच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, थोडं तिरकं राहायचं. त्याच्या आणि दाराच्या मध्ये यायचं नाही. मंगळसूत्र झंपरच्या आत, कानात लोंबतं काही नाही, केसांचा अंबाडा. आवाज त्याच्यापेक्षा खाली. आणि एका वेळी एकानेच बोलायचं. चार जण चार बाजूंनी ‘शांत व्हा, शांत व्हा’ ओरडायला लागले तर शहाणा माणूससुद्धा बिथरेल.

शॉकबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्या शब्दाने माणसं उपचार सोडून घरी निघून जातात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करायला २०१७च्या कायद्याने बंदी आहे. पेशंट रात्रीपासून उपाशी, कवळी काढलेली, संमतीची सही झालेली. सलाइनच्या सुईतून झोपेचं औषध जातं, नाकातोंडावर ऑक्सिजन, दातांमध्ये रबरी गुटका. वीज काही सेकंदच. बाहेरून दिसतं ते एवढंच, पायाचा अंगठा थोडा थरथरतो. खरं सिस्टरचं काम त्यानंतर सुरू होतं. जाग येणारा माणूस भांबावलेला असतो. त्याचा हात धरून सांगत राहायचं की आज बुधवार, तुम्ही दवाखान्यात आहात, मुलगा बाहेर बसलाय. अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बायका या उपचाराने उठून बसलेल्या मी पाहिल्यात. आणि नातवाचं बारसं आठवत नाही म्हणून रडणारी एक आजीही पाहिलीय. ती म्हणायची, ‘जीव वाचवलात, पण तेवढे दिवस कुठे गेले ते सांगा.’ डॉक्टरांनी ही शक्यता आधी समजावून सांगितलेली असते. ऐकायच्या अवस्थेत तेव्हा कोण असतं?

आता थोडं आमच्याबद्दल. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. या गावांच्या नावावर केलेले विनोद आम्ही लग्नाच्या पंगतीतही ऐकतो. माझ्या बरोबरच्या एकीचं स्थळ मोडलं. मुलाकडचे म्हणाले, ‘तिथे राहून राहून सुनेवर परिणाम झाला तर?’ मार खाल्लेल्या सिस्टर प्रत्येक बॅचमध्ये असतात. थोबाडीत बसली की आधी राग येतो, मग आजार आठवतो, हा क्रम मोडायला वर्षं लागतात, आणि पूर्ण मोडतो असं मला वाटत नाही. वॉर्डात कुणी जीव दिला तर चौकशी लागते. खिडकीला जाळी होती का, ओढणी आली कुठून, सिस्टर त्या वेळी कुठे होती. हे विचारायलाच हवं. पण ज्या मुलीने तो देह खाली उतरवला तिला कुणी एक दिवस घरी पाठवलेलं, कुणा समुपदेशकाकडे बसवलेलं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची त्याच वॉर्डात दुपारची ड्युटी होती.

बरे झालेले आणि तरीही राहिलेले पेशंट हा तर वेगळा लेखच होईल. पत्ता चुकीचा दिलेला असतो, फोन लागत नाही, रेशनकार्डावरून नाव उडालेलं असतं. घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्यावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही, असं कायदा स्पष्ट म्हणतो. शासनाने त्यांच्यासाठी निवारागृहं, आधाराची घरं उभारायची आहेत. ती होईपर्यंत समाजसेवा अधीक्षक पेशंटला घेऊन एसटीने गावोगाव हिंडतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, त्या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पोचवल्यावर दार उघडलं जातं, हे आमच्यासारख्यांना फार मोठं वाटतं. घरात पहिल्यांदाच असं काही घडत असेल आणि कुठे जावं कळत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

याच कायद्याने पेशंटला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी बघण्याचा हक्क दिला. आमच्याकडे आधी कुजबुज झाली, आता हे लोक आमच्या चुका काढत बसणार. एकदा ओपीडीत फॉलोअपला आलेली एक बाई म्हणाली, माझे कागद बघायचेत. अंगणवाडीत काम करणारी, हजरजबाबी. डॉक्टरांनी केसपेपर सिस्टरांच्या नोंदींसकट तिच्यापुढे ठेवला आणि मला बोलावून घेतलं. तिने बोट ठेवत ठेवत वाचलं. एका नाईटच्या नोंदीवर थांबली. त्यात लिहिलं होतं की रात्री दीड वाजता पेशंटने कारण नसताना आरडाओरडा केला, दार बडवलं, इंजेक्शन दिल्यावर झोपली.

‘कारण होतं,’ ती म्हणाली. ‘पाळी आली होती. मी पॅड मागत होते. मावशी म्हणाल्या, भांडार सकाळी उघडतं. मग मी दार वाजवलं.’

पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू मिळणं हाही कायद्यातला हक्क आहे, कलम २०. डॉक्टरांनी तिचं म्हणणं तारखेसह केसपेपरवर लिहून घेतलं, तिने खाली सही केली. पुढच्या आठवड्यापासून त्या वॉर्डात पॅडची पाकिटं ड्रेसिंगच्या कपाटात आली, नाईटच्या सिस्टरच्या हाताशी. संपली की मागणीपत्रावर सही मात्र अजून सकाळच्या परिसेविकेचीच लागते, म्हणून मी माझ्या जागी आलेल्या बाईंना सांगून ठेवलंय, शुक्रवारी दोन पाकिटं जास्तीची मागवत जा.