पडलेल्या पक्ष्याचा माग

शिकार हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर मचाण, वाघ आणि एखादा झुपकेदार मिशांचा संस्थानिक उभा राहतो. पक्ष्यांच्या शिकारीला आपल्या शिकारकथांत दुय्यम जागा, आणि त्या शिकारीतल्या कुत्र्याला त्याहूनही कमी. याला ठळक अपवाद जिम कॉर्बेटचा. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' या पुस्तकात त्याने रॉबिन नावाच्या आपल्या स्पॅनियल कुत्र्यासाठी एक अख्खे प्रकरण राखून ठेवले आहे. नरभक्षक वाघांच्या पुस्तकात कुत्र्याला एवढा मान का मिळावा, या कुतूहलातूनच मी या विषयाकडे वळलो.

आपल्या दख्खनचा कारवान कुत्रा सशामागे सुसाट धावतो आणि स्वतःच त्याला धरतो. माणूस मागे धापा टाकीत राहतो. 'रिट्रीव्हर' म्हणजे आणून देणाऱ्या कुत्र्याचे काम अगदी निराळे. बंदूक उडेपर्यंत त्याने हूं की चूं न करता मालकाच्या पायाशी बसायचे. पक्षी पडला तरी उठायचे नाही. आज्ञा झाली की जायचे, पक्षी हुडकायचा, तोंडात धरायचा आणि आणून मालकाच्या हातात द्यायचा.

याची गरज का पडली? छऱ्याच्या काडतुसातून शेकडो बारीक छर्रे सुटतात आणि पसरत जातात. काही पक्षी जागीच मरतात. काहींचा नुसता पंख मोडतो. असा पक्षी जमिनीवर पडताच पायांनी पळत सुटतो, बदक असेल तर पाण्यात बुडी मारून लव्हाळ्यात दडून बसते. माणसाला ते सापडत नाही आणि मग तो जीव तिथेच तडफडत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागून काडतूस भरण्याच्या बंदुका आल्या. विलायतेत तर हाकारे घालून पक्ष्यांचे थवेच्या थवे बंदुकांवरून उडवण्याची प्रथा रूढ झाली. काही मिनिटांत डझनावारी पक्षी पडू लागले. पक्षी कुठे बसला आहे हे दाखवणारे पॉइंटर आणि सेटर कुत्रे पूर्वीपासून होते, पण आता पडलेला पक्षी आणणाऱ्याचे महत्त्व वाढले.

तो मिळाला समुद्रापलीकडून. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कोळी तोकड्या, दाट केसांचे काळे कुत्रे पाळीत. गळातून निसटलेला मासा पकडणे, दोर ओढून आणणे ही त्यांची कामे. कॉड माशांच्या व्यापारी जहाजांतून ते इंग्लंडच्या पूल बंदरात उतरले आणि जवळच राहणाऱ्या माम्सबरीच्या अर्लने त्यांची पैदास जोपासली. आजचा लॅब्रॅडॉर त्यांचा वंशज. मूळची कुत्र्यांची जात मात्र विसाव्या शतकात संपली. गोल्डन रिट्रीव्हरची कथा स्कॉटलंडची. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थांनी १८६८ मध्ये नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची पाणकुत्री यांची जोडी जमवली. ही जात रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांपासून निघाली, अशी एक रंगतदार दंतकथा बरीच वर्षे चालू होती. १९५२ मध्ये ट्वीडमाउथ यांची हस्तलिखित नोंदवही प्रसिद्ध झाली आणि दंतकथेतली हवाच निघून गेली. (दंतकथांचे बहुधा असेच होते, मला तरी थोडे वाईट वाटले.)

आता खरी गंमत. लांडग्याच्या शिकारीत एक क्रम असतो: पाहणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, चावा, फाडणे, खाणे. माणसाने निवडक पैदाशीने रिट्रीव्हरमध्ये हा क्रम पकडीपाशीच जणू कापून टाकला. पक्षी तोंडात घेण्याची ओढ जबरदस्त, पण दात रुतवायचे नाहीत. याला 'मऊ तोंड' म्हणतात. ब्रिटनमधल्या मैदानी स्पर्धांत परीक्षक आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतो. त्या कुत्र्याने चिरडलेल्या आढळल्या, तर तो कुत्रा स्पर्धेतून बाद होतो.

पण निव्वळ पैदाशीने भागत नाही. कॅनव्हासची भरलेली पिशवी फेकून पिल्लाला महिनोन् महिने शिकवावे लागते. त्यातही आणण्यापेक्षा थांबणे शिकवणे अधिक कठीण. पुढे शिट्टीची भाषा येते. एक लांब शिट्टी म्हणजे जिथे असशील तिथे बस आणि माझ्याकडे बघ. मग हाताच्या खुणेने डावीकडे, उजवीकडे किंवा आणखी मागे. कुत्र्याने पडताना न पाहिलेला पक्षी असा दुरून दिशा देत शोधवता येतो. इथवर मालक शहाणा. मात्र वाऱ्यावरून कुत्र्याला वास लागला की शहाणपण कुत्र्याकडे जाते. जखमी पक्षी पडल्या जागेवरून केव्हाच निघून गेलेला असतो. मालकाला ते ठाऊक नसते, कुत्र्याच्या नाकाला असते. अशा वेळी 'अरे, इकडे, इकडे' म्हणून शिट्ट्या फुंकीत राहणारा शिकारी नवखा समजावा. जाणता शिकारी शिट्टी तोंडातून काढतो आणि गप्प उभा राहतो. कुत्रा पंधरा-वीस मिनिटे झुडपांत दिसेनासा झाला तरी गप्पच. मला या नात्याचे मर्म इथे दिसते. एकाने तोंडातला घास गिळायचा नाही आणि दुसऱ्याने आपला हुकूम गिळायचा, असा हा करार आहे.

मला स्वतःला शिकारीचे प्रेम नाही. कुत्र्याने अलगद आणलेला पक्षी पुष्कळदा जिवंतच असतो आणि त्याची मान मुरगळण्याचे काम माणसाचे हातच करतात, हे विसरून या जोडीचे गोडवे गाणे मला जमणार नाही. तरीही त्या सगळ्या व्यवहारात बंदुकीने अर्धवट टाकलेल्या जिवाची कोणी फिकीर वाहत असेल, तर तो कुत्राच, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा प्रश्नच मिटवला. लॅब्रॅडॉर मात्र राहिला आणि त्याला दुसरे काम मिळाले. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांच्या काळात पोलिसांच्या पथकात नावाजलेला 'जंजीर' हा लॅब्रॅडॉरच. या कामात तर 'आणून देणे' हीही पायरी गळून पडली आहे. स्फोटकाचा वास लागला, तरी कुत्र्याने त्याला तोंड लावायचे नसते. जागच्या जागी बसायचे आणि आपल्या माणसाकडे पाहायचे.